चार चाकांचा ताळेबंद
मोटारीचे टायर निवडताना, जोडी लावताना आणि बदलताना काय पाहावे?

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचे पोते उतरले की व्यापारी आधी त्यात सळई खुपसून नमुना काढतो, ओलावा मोजतो, माती-काडीकचरा पाहतो आणि मगच भाव बोलतो. नांदेडच्या मोंढ्यात हळकुंड मोडून त्याचा गाभा पाहिल्यावाचून सौदा होत नाही. पारख हा आपल्या घराण्यांचा पिढीजात गुण आहे. मात्र हीच पारखी नजर दुकानासमोर उभ्या असलेल्या स्वतःच्या मोटारीच्या टायरांवर क्वचितच पडते. तो विषय बहुधा चालकावर किंवा पंक्चर काढणाऱ्यावर सोपवलेला असतो. ‘सध्या दोनच टाका, बाकीचे दिवाळीनंतर पाहू’ एवढ्या एका वाक्यावर निर्णय होतो आणि त्याच मोटारीतून आई-वडील, सुना, नातवंडे असा सारा गोतावळा रात्री-बेरात्री प्रवास करीत राहतो.

मोटारीचे इंजिन कितीही बलवान असो, ब्रेक कितीही नवे असोत, रस्त्याला स्पर्श करतात ती केवळ चार चाके. आणि प्रत्येक चाकाचा जमिनीला टेकलेला भाग साधारण आपल्या तळहाताएवढाच असतो. गाडीचे वजन, वळण, वेग आणि थांबणे हे सारे त्या चार तळहातांवर तोललेले असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर निघून जाते. त्यापुढचे काम टायरांचे.

टायरच्या कडेवरील अक्षरे वाचा

प्रत्येक टायरच्या कडेवर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते. उदाहरणार्थ, ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ हा आकडा घेऊ. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे रुंदीच्या तुलनेत कडेची उंची, टक्क्यांत. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा सांकेतिक आकडा असून त्याचा अर्थ असा, की तो टायर ५६० किलोपर्यंत भार पेलू शकतो. शेवटचे अक्षर कमाल वेग सांगते. ‘एस’ म्हणजे ताशी १८०, ‘टी’ म्हणजे १९० आणि ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटर.

एवढा वेग आपल्याला गाठायचाच नाही, मग या अक्षराची चिंता कशाला, असे कोणी विचारील. परंतु वेगाचे अक्षर हे टायर किती उष्णता सहन करू शकतो याचेही माप असते. म्हणून बदली टायर घेताना भार आणि वेग यांचे आकडे कंपनीने नेमून दिल्याइतके किंवा त्याहून वरचे असावेत. खालचे कदापि नसावेत. सात माणसे आणि लग्नाचे सामान घेऊन निघणाऱ्या मोठ्या गाडीच्या बाबतीत भाराचा आकडा विशेष महत्त्वाचा. कमी भाराचा टायर स्वस्त मिळतो, बसतोही नीट. फरक कळतो तो उन्हाळ्यात भरलेली गाडी महामार्गावर धावू लागल्यावर.

रुंद टायर लावून गाडी ‘रुबाबदार’ करण्याची हौस तरुणांना असते. वरच्याच उदाहरणात १८५ ऐवजी १९५/६५ घातला, तर चाकाचा एकूण व्यास ६२१ मिलिमीटरवरून ६३४ वर जातो, म्हणजे सुमारे दोन टक्के वाढतो. मग काटा जो वेग दाखवतो त्यापेक्षा गाडी प्रत्यक्षात वेगाने धावते आणि वळणावर टायर चाकाच्या कमानीला घासण्याचा संभव राहतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर अथवा गाडीच्या पुस्तिकेत जे माप दिले आहे, तेच प्रमाण मानावे.

मिसळण कोठे चालते, कोठे नाही

फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. भारतात जेके टायरने १९७७ साली रेडियल टायर आणला आणि पुढे आपल्या मराठवाड्यातच, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, गुडइयरचा मोटारींच्या रेडियल टायरांचा कारखाना उभा राहिला. आज नव्या मोटारींना रेडियल टायरच येतात. अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळातील जुन्या रचनेच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देणारे असत. हे दोन्ही प्रकार वळणावर अगदी वेगळे वागतात. घरी आजोबांची गाडी जपून ठेवली असेल, तर एका आसावर एक रेडियल आणि एक जुन्या रचनेचा टायर कधीही लावू नये. शक्य असेल तर चारही टायर एकाच रचनेचे असावेत.

आता नित्याचा प्रश्न घेऊ. वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर एकाच गाडीला चालतात का? उत्तर असे, की उत्तम म्हणजे चारही सारखे. ते परवडत नसेल, तर निदान एका आसावरची जोडी सर्वार्थाने सारखी असावी: कंपनी तीच, नक्षी तीच, माप तेच आणि झीजही जवळपास तेवढीच. पुढे एका कंपनीची जोडी आणि मागे दुसऱ्या कंपनीची जोडी, माप व भार-वेगाचे आकडे जुळत असल्यास, निभावून नेता येते. परंतु डावीकडे नवा आणि उजवीकडे झिजलेला, किंवा डावीकडे एका नक्षीचा आणि उजवीकडे दुसऱ्या, ही मिसळण घातक आहे. ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला की एक चाक जमिनीला धरून ठेवते आणि दुसरे घसरते. गाडी एका बाजूला ओढली जाते. हल्लीच्या गाड्यांतील ब्रेकची स्वयंचलित यंत्रणा ही ओढ बरीच सावरते. पण टायरकडे नसलेली पकड कोणतीही यंत्रणा निर्माण करू शकत नाही.

एकच टायर फुटला किंवा कडेला चिरला, तर काय करावे? बाकीचे टायर नवेच असतील, तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक टायर घ्यावा. ते अर्धे झिजलेले असतील, तर जोडी बदलावी आणि चांगला उरलेला टायर स्टेपनी म्हणून ठेवावा. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाड्यांत तर चारही टायरांची झीज जवळपास सारखी असावी लागते; अन्यथा व्यासातील फरकामुळे चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधल्या यंत्रणेवर ताण येऊन मोठ्या दुरुस्तीचा खर्च ओढवतो.

काही टायरांच्या कडेवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तर काहींवर बाहेरची बाजू कोणती ते लिहिलेले असते. घाईघाईत हे उलटे बसवले जातात. गाडी ताब्यात घेताना चारही चाकांभोवती एकदा फिरून हे पाहून घ्यावे.

नवी जोडी मागे

दोनच नवे टायर घेतले तर ते कोठे लावावेत? बहुतेक जण सांगतील, पुढे. कारण बहुतेक मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते, वळणारी चाके तीच, ब्रेकचा भारही त्यांच्यावरच अधिक आणि झिजतातही तीच आधी. हा युक्तिवाद सयुक्तिक वाटतो. परंतु टायर बनवणाऱ्या कंपन्यांचा सल्ला नेमका उलटा आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

पाण्याच्या थरावर पुढची चाके घसरली, तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग हलके लागते, चालकाला ते तत्काळ जाणवते, भीतीने तो पाय उचलतो. वेग कमी होतो आणि पकड परत येण्याची शक्यता असते. मागची चाके घसरली तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. स्टिअरिंगमधून कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. घाबरून पाय उचलणे किंवा ब्रेक दाबणे, ही आपली स्वाभाविक प्रतिक्रियाच घसरण वाढवते. अशी फिरलेली गाडी सावरणे सरावलेल्या चालकालाही कठीण. चार जिवांना घेऊन निघालेल्या सामान्य गृहस्थाला तर जवळपास अशक्यच.

म्हणून रीत अशी: पुढचे झिजलेले टायर काढून टाकावेत, मागचे अर्धे वापरलेले पुढे आणावेत आणि नवी जोडी मागे बसवावी. अर्थात पुढे आणलेल्या टायरांत पुरेशी खाच शिल्लक असली पाहिजे. ती नसेल, तर चारही टायर बदलण्याची वेळ आली असे समजावे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली, तर चारही टायर सारखे झिजतात आणि हा पेच सहसा उद्भवत नाही.

पावसाळा, चातुर्मास आणि खाचांची खोली

आपल्या समाजाच्या प्रवासाचा मोसम इतरांहून थोडा निराळा आहे. चातुर्मासात साधू-साध्वीजी एका गावी स्थिरावतात आणि त्यांच्या दर्शनासाठी, प्रवचनासाठी, पर्युषणातील तपस्वींच्या पारण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे गावोगावी निघतात. म्हणजे वर्षातील आपला सर्वाधिक प्रवास नेमका ओल्या रस्त्यांवर होतो.

टायरवरील नक्षी शोभेसाठी नसते. चाकाखालचे पाणी बाजूला सारणे हे तिचे काम. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले असेल आणि गाडी ताशी ८० च्या वेगाने जात असेल, तर १८५ मिलिमीटर रुंदीच्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी हटवावे लागते. खाच उथळ झाली की पाणी जायला वाट उरत नाही आणि चाक जमिनीऐवजी पाण्यावर तरंगू लागते. त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरती राहतात.

नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी याच उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मात्र ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, सुरक्षिततेची नव्हे. ओल्या रस्त्यांचा विचार करता खाच तीन मिलिमीटरवर आली की नव्या टायरांची तजवीज करावी. ज्येष्ठ महिन्यात, पहिल्या सरींच्या आधी, ही तपासणी झालेली असावी. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेलाचा थर पहिल्या पावसात भिजला की रस्ता सर्वांत निसरडा होतो.

येथे आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. चातुर्मास संपताच विहार सुरू होतो. साधू-साध्वीजी पहाटेच्या अंधुक प्रकाशात महामार्गाच्या कडेने पायी चालतात. सोबत विहारसेवेतील युवक-युवती असतात. त्याच वेळी रात्रभर धावून आलेल्या गाड्याही त्या रस्त्यावर असतात. गाडी वेळेवर थांबणे हे जसे आतल्यांच्या, तसेच बाहेरच्या पायी चालणाऱ्याच्याही प्राणांशी निगडित आहे. यतनेचा हाही एक अर्थ आहे.

ऊन आणि हवा

एप्रिल-मे महिन्यांत नांदेड आणि लातुरात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा डांबराचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. अशा वेळी टायर फुटल्याच्या बातम्या वाढतात आणि दोष उन्हाला दिला जातो. ऊन साहाय्यक असते हे खरे; पण मुख्य कारण बहुधा कमी हवा हे असते. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्याने आतून उष्णता निर्माण होते, रबर आणि दोरे यांची पकड सुटते आणि अखेर टायर फाटतो. त्यात अधिक भार आणि अधिक वेग यांची भर पडली की क्रिया शीघ्र होते.

‘उन्हाळा आहे, दोन पाउंड कमीच भरा’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. हवेचे प्रमाण दाराच्या चौकटीवरील पत्रकात दिलेले असते. भरलेल्या गाडीसाठी अनेकदा निराळा, अधिक आकडा असतो. टायरच्या कडेवर छापलेला दाब हा त्याची कमाल मर्यादा असतो, भरण्याचे माप नव्हे. हवा टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी, तपासावी. प्रवासात ती तापून चार-पाच पाउंडांनी वाढलेली दिसेल. ती काढून टाकू नये, कारण टायर थंड होताच दाब कमी पडेल. नायट्रोजनबाबत एवढेच सांगता येईल, की साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरल्याने तोटा नाही. पण तो भरला म्हणून दर पंधरवड्याची तपासणी चुकवणे इष्ट नाही.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि जालना व छत्रपती संभाजीनगर येथून मराठवाड्यालाही तो जोडला गेला. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. सिमेंटचा सरळ रस्ता, न थांबता तासन्‌तास एकच वेग, वर ऊन, अशा परिस्थितीत अशक्त टायर प्रथम दगा देतो. म्हणूनच २०२३ मध्ये परिवहन विभागाने तेथे प्रवेशाच्या ठिकाणी टायरांची तपासणी सुरू केली आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्यांना मज्जाव केला. ती तपासणी आपल्या अंगणातच करून निघणे हे अधिक श्रेयस्कर.

नांदेड–लोहा–अहमदपूर–चाकूर–लातूर या आपल्या नेहमीच्या वाटेचे दुखणे वेगळे. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचे रस्ते उंच-सखल होतात, खड्डे पडतात. खड्ड्याचा जबर धक्का बसल्यावर टायरच्या कडेला फुगा आलेला दिसला, तर आतले दोरे तुटले आहेत असे समजावे. त्याला दुरुस्ती नाही. तो टायर तत्काळ काढावा. कडेवरचे पंक्चरही जोडून वापरू नये.

टायरचे वय आणि स्टेपनी

कडेवर लंबगोलात चार अंक असतात. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. खाच उत्तम असली तरी रबर वयानुसार कडक होते आणि भेगाळते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे; दहा वर्षे झालेला टायर दिसायला कितीही नवा असो, वापरू नये. आठवड्यातून एकदाच मंदिरापर्यंत जाणाऱ्या आणि एरवी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत किलोमीटरपेक्षा वय महत्त्वाचे.

‘स्टेपनी’ हा शब्द आपण मराठीच मानतो. परंतु तो आला वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. तेथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी बदली चाक तयार केले. आज अनेक गाड्यांत ही स्टेपनी मूळ चाकांपेक्षा अरुंद किंवा लहान असते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटर अशी मर्यादा लिहिलेली असते आणि ती जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतीच असते; महिनाभर तीच फिरवणे म्हणजे बेजोड मिसळणच. जुलै २०२० मधील नियमबदलानुसार हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी बंधनकारक राहिलेली नाही. तेव्हा नवी गाडी घेताना स्टेपनी आहे की नाही, हे आधी विचारावे.

हिशेब आणि नीती

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे पाच हजार मूळ किमतीचा टायर ६,४०० ऐवजी ५,९०० रुपयांना पडतो. असे चार टायर २३,६०० रुपयांचे झाले आणि ते ४० हजार किलोमीटर चालले असे धरले, तर किलोमीटरला ५९ पैसे पडतात. नांदेड ते लातूर या सुमारे १४० किलोमीटरच्या प्रवासाचा टायरखर्च ८३ रुपये! वाटेतल्या चहा-नाश्त्याला कुटुंब याहून अधिक खर्च करते. या हिशेबात जुने, वापरलेले टायर विकत घेणे किंवा झिजलेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून घेणे याला काही अर्थ उरत नाही. कोरलेली खाच म्हणजे आतल्या दोऱ्यांवरचे उरलेसुरले रबर कापणे. पक्के बिल घ्यावे, त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा, आयएसआय चिन्ह पाहावे आणि तयार झाल्याची तारीख स्वतः वाचावी.

शेवटचा मुद्दा काढलेल्या टायरांचा. शे-दोनशे रुपयांसाठी ते विकले जातात आणि पुन्हा एखाद्या प्रवासी जीपला लागतात. आपण जो धोका आपल्या मुलाबाळांसाठी नाकारला, तोच दुसऱ्याच्या मुलाबाळांच्या वाट्याला देणे हा सचोटीचा सौदा नव्हे. निकामी टायर दुकानात सोडताना त्याची कड समक्ष कापून घ्यावी. तो अंगणात पडू देऊ नये, कारण त्यात साचलेल्या पाण्यात डास होतात. आणि जाळू तर मुळीच नये.

दुकानाच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये गाडीसाठी एक पान राखून ठेवावे. त्यावर टायरचे माप, भार-वेगाचे आकडे, तयार झाल्याची तारीख, हवेचे प्रमाण, शेवटच्या अदलाबदलीचे किलोमीटर आणि ज्येष्ठातील तपासणीत आढळलेली खाचांची खोली एवढ्या सहा नोंदी पुरेत. दहा मिनिटांचे काम आहे. वर्षाचा ताळेबंद मांडताना आपण रुपयाचा फरक शोधण्यासाठी रात्र जागवतो. ही दहा मिनिटेही त्याच काटेकोरपणाने द्यावीत.